आंगठा रयतेचा, दप्तर कोणाचें?

गेल्या हंगामांत नांदुरा तालुक्यांतील एका खेड्यांत आम्ही कंट्रोलच्या दुकानासमोर तासभर बसलों होतों. कापूस वेचून आलेली एक म्हातारी पिशवी घेऊन रांगेंत उभी होती. तिची पाळी आली. दुकानदारानें यंत्र पुढें केलें, म्हातारीनें आंगठा ठेविला. यंत्र 'नाहीं' म्हणालें. पदराला पुसून पुन्हां ठेविला, पुन्हां नाहीं. मग दुसरें बोट, तिसरें बोट, डावा हात, उजवा हात. दुकानदार कांहीं वाईट माणूस नव्हता. त्यानें तिचें बोट ओल्या फडक्यानें पुसलें, खोबरेल लावून पाहिलें, आणि अखेर म्हणाला, "आजी, मशीन आंगठाच घेऊन नाही राहिलं. उद्या या." म्हातारी म्हणाली, "लेका, परवा बी हेच म्हनला होता." रिकामी पिशवी घडी करून ती निघून गेली.

वाचकहो, या म्हातारीस धान्य नाकारलें कोणीं? दुकानदार म्हणतो, मीं नव्हे, यंत्रानें. तालुक्याचा कारकून म्हणतो, यंत्र आमच्या हातचें नाहीं, सर्व्हर वरचा आहे. वरच्यांस विचारावें तर त्यांच्या तक्त्यांत सारें ठीक चाललेलें दिसतें. धान्य नाकारलें गेलें एवढें खरें. परंतु नाकारणारा कोणी सांपडत नाहीं. त्या म्हातारीजवळ कागद नाहीं, पावती नाहीं, कोणाची सही नाहीं. उद्या तिनें दाद मागितली तर काय दाखवावें?

जुना कुलकर्णी निदान दिसत तरी होता. त्याचें दप्तर कोणत्या वाड्यांत आहे आणि त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, हें गांवच्या पोरासहि ठाऊक असे. जोतिरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यांत अक्षरशत्रु शेतकरी आणि लेखणीवाला कामगार यांचा जो सामना दाखविला आहे, तो समोरासमोरचा आहे. आमच्या बुलढाणे जिल्ह्यास हें निराळें सांगावयास नको. ह्याच जिल्ह्याच्या पंढरीनाथ पाटलांनीं १९२७ सालीं जोतिरावांचें चरित्र लिहून काढलें. आतां दप्तर वाड्यांतून उठलें आणि तारेवरून, वाऱ्यावरून कोठें दूर जाऊन बसलें. त्याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हें गांवांत कोणासच माहीत नाहीं.

हें यंत्र करतें काय, तें आधीं साध्या भाषेंत सांगतों. त्याच्या पोटांत मोबाईलसारखें सिम असतें. आंगठ्यावरच्या रेषांचा तें आंकड्यांत नकाशा करतें, तो टॉवरवरून आधाराच्या कोठाराकडे धाडतें, तेथें पूर्वी घेतलेल्या ठशाशीं मेळ घातला जातो आणि 'होय' किंवा 'नाहीं' एवढें उत्तर परत येतें. होय आलें तर दुकानाच्या सांठ्यांतून धान्य वजा होतें आणि पावती निघते. ह्या वाटेंत कोठेंहि खोळंबा झाला तरी दुकानांत त्याचा अर्थ एकच होतो. टॉवर निजला, सर्व्हर बसला, किंवा बोंडाच्या कांट्यांनीं आणि विळ्याच्या मुठीनें रेषा झिजल्या, शिक्षा मात्र पिशवीवाल्याला. जळगांव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला जीं गांवें आहेत, तेथें रेंज कशी असते हें तेथें राहणारांस विचारावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्याचीं बोटें कष्टानें झिजलीं त्यालाच हें यंत्र ओळखीत नाहीं. कचेरींत बसणाराच्या मऊ बोटाला तें पहिल्या झटक्यांत ओळखतें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. येथें क्रम पाहण्यासारखा आहे. आधाराचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं देण्यांत आला. त्या वेळीं आधाराचा कायदाच नव्हता. सरकारच्या एका अधिसूचनेवर सारें चाललें होतें. कायदा आला २०१६ सालीं, आणि तोहि 'धन विधेयक' म्हणून, म्हणजे राज्यसभेनें सुचविलेल्या दुरुस्त्या लोकसभेनें बाजूला सारल्या तरी चालाव्या अशा रीतीनें. आधीं घर बांधावें, माणसें रहावयास घालावीं, आणि सहा वर्षांनीं जागेचा उतारा करावा, तसा हा प्रकार झाला. एखाद्या कुणब्यानें असें केलें असतें तर तहसीलदारानें त्यास सोडलें नसतें.

तरी पण कायदा अगदींच निर्दय नाहीं, हें आम्ही मोकळेपणीं सांगतों. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचें १२ वें कलम वाचावें. तेथें सरकारानें वांटपाच्या व्यवस्थेंत क्रमाक्रमानें काय सुधारणा कराव्या याची यादी आहे. धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोंचवावें. सर्व पातळ्यांवरचे व्यवहार संगणकावर उघड नोंदावे, म्हणजे माल वाटेंत फुटणार नाहीं. आधाराचा उपयोग करावा. दप्तरें पूर्णपणें खुलीं ठेवावीं. दुकानें देतांना पंचायती, बचत गट, सहकारी संस्था यांस अग्रहक्क द्यावा. आधार हें त्या यादींतील एक कलम, सारी यादी नव्हे. मग २०१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्रभर दुकानोदुकानीं आंगठ्याचीं यंत्रें आलीं. यादींतील जें कलम रयतेवर नजर ठेवणारें होतें तें धांवत आलें. जें कलम दप्तर खुलें करणारें होतें तें अजून वाटेंत आहे. कायदा लिहिणारांनीं दोन्ही एकाच ओळींत बसविलीं होतीं. निवड केली ती धोरणानें.

अपवादाचेंहि तसेंच. आधार कायद्याच्या ७ व्या कलमांत लिहिलें आहे कीं, ज्यास क्रमांक मिळालेला नाहीं त्याला ओळख पटविण्याचा दुसरा चालण्याजोगा मार्ग दिला पाहिजे. २०१७ सालीं झारखंडांतील सिमडेगा जिल्ह्यांत अकरा वर्षांची एक मुलगी गेली. कार्ड आधाराला जोडलें नाहीं म्हणून तें रद्द झालें आणि पोरगी भुकेनें मेली, असा आरोप झाला. सरकारनें तो नाकारला. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं, दिल्लीहून सूचना निघाल्या कीं आंगठा जुळला नाहीं म्हणून कोणाहि खऱ्या हक्कदाराला परत पाठवूं नये, वहींत नोंद करून धान्य द्यावें. पुढें २६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चारास एक अशा मतानें ७ वें कलम उचलून धरलें. पण यंत्र जुळलें नाहीं म्हणून कोणी उपाशी राहणार नाहीं, हें सरकारचें आश्वासन नोंदून घेऊनच.

म्हणजे नांदुऱ्याकडच्या त्या म्हातारीचें धान्य कायद्यानें त्याच दिवशीं तिचें होतें. मग वही उघडली कां नाहीं? आम्ही दुकानदारास विचारलें. तो म्हणाला, "साहेब, वहीवर दिलं तर माझ्या सांठ्यांत तूट दिसते. कमिशन मशीनच्या विक्रीवर. तपासणीला आले तर मीच चोर." त्याच्या बोलण्यांत खोट नव्हती. धोरण त्याला मोजतें तें यंत्रावर झालेल्या विक्रीनें. तहसीलाला मोजतें तें केवायसी किती टक्के झाली यानें. खात्याला मोजतें तें किती 'बोगस' नांवें कापलीं यानें. आंगठा जुळला नाहीं तरी किती जणांस धान्य दिलें, याचा रकाना आम्हीं पाहिलेल्या कोणत्याहि तक्त्यांत नाहीं. कायद्याचा अपवाद जिवंत रहावा असें वाटत असेल तर त्याला तक्त्यांत जागा हवी. नाहींतर तो मुंबई-दिल्लीच्या कागदावर जिवंत आणि बुलढाण्याच्या दुकानांत मेलेला, अशी स्थिति राहणार.

आणि हा अपवाद अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. २०२० च्या मार्चांत करोनाची साथ आली तेव्हां सरकारनें हुकूम काढला कीं, कार्डवाल्याचा आंगठा घेऊं नये, दुकानदारानें स्वतःच्या आंगठ्यावर धान्य द्यावें. दुसऱ्या लाटेंत, २०२१ सालीं, पुन्हां तसेंच झालें. राज्य बुडालें नाहीं. एकाच यंत्राला साऱ्या गांवानें हात लावल्यास रोग पसरेल, ही भीति मोठी ठरली तेव्हां आंगठ्याची अट एका रात्रींत उठली. म्हातारीच्या झिजलेल्या बोटासाठीं मात्र ती उठत नाहीं. साथीची भीति साहेबाच्या घरापर्यंत पोंचते. झिजलेलें बोट पोंचत नाहीं.

ह्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय कायदा आणि धोरण यांतला फरक नीट कळणार नाहीं. बुलढाणा हा आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांपैकीं एक. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पांच आणि वर्धा. २०१५ सालापासून ह्या जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांस दरमाणशीं दरमहा पांच किलो धान्य, गहूं दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो, असें मिळूं लागलें. हे लोक अन्न सुरक्षा कायद्याच्या यादींत नव्हते. राज्य सरकारच्या एका निर्णयावर त्यांचें पोट होतें. २०२२ सालीं केंद्राकडून त्या योजनेस धान्य मिळेनासें झालें आणि २०२३ च्या फेब्रुवारींत राज्यानें ठरविलें कीं धान्याऐवजीं माणशीं १५० रुपये बँकेच्या खात्यांत टाकावे. पांच किलोचे दीडशें, म्हणजे किलोला तीस रुपये. पुढें रक्कम १७० केली, म्हणजे चौतीस. ह्या भावांत बाजारांतून गहूं आणून दळूनहि घ्यावयाचा आहे!

येथें कार्ड, आधार आणि बँक यांची गांठ आधींच मारलेली होती, म्हणूनच पोत्याचे रुपये करणें इतकें सोपें झालें. पूर्वी अशी अदलाबदल करावयाची तर गोदाम, गाड्या, दुकानदार, सारी व्यवस्था हलवावी लागे. गांवोगांव ओरड झाली असती. आतां एक निर्णय आणि एक यादी पुरते. जे कायद्याच्या यादींत होते त्यांचें धान्य राहिलें, जे धोरणाच्या कृपेवर होते त्यांचें गेलें. हक्क आणि कृपा यांतलें अंतर बुलढाण्याच्या केशरी कार्डवाल्यानें आपल्या पोटावरून मोजलें आहे.

आतां शेगांवाकडे वळूं. २०२५ च्या जानेवारींत शेगांव तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा अशा गांवांतून लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुळापासून गळूं लागले, कित्येकांचीं डोकीं पार उघडीं पडलीं. पोरीबाळी पदर घेऊन घरांत बसल्या. प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला. दिल्लीहून वैद्यकीय संशोधन परिषदेचीं माणसें आलीं. पुढें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं स्वतः तपास करून सांगितलें कीं, रेशनाच्या गव्हांत सेलेनियम नांवाचें द्रव्य फार अधिक आहे आणि तो गहूं पंजाबाकडचा असावा. त्या निष्कर्षावर वाद झाला. वादाचा निकाल लावणें आमचें काम नव्हे, तें शास्त्रज्ञांचें. आम्हांस वेगळेंच दिसलें. जो गहूं खाणाराचें बोट, त्याचें घर, त्याचीं मुलें, कोणत्या दिवशीं किती वाजतां त्यानें किती किलो नेला, हें सारें यंत्राला ठाऊक, त्याच गव्हाचें पोतें कोणत्या मंडईंतून निघालें, कोणत्या गोदामांत किती दिवस पडलें, कोणीं तपासलें, हें दुकानावर कोणालाहि सांगतां येईना. बोटाला ओळख आणि पोत्याला ओळख नाहीं! १२ व्या कलमांत 'सर्व पातळ्यांवर' हे शब्द होते. वरच्या पातळ्यांवरील व्यवहार तितक्याच बारकाईनें त्या दुकानाच्या भिंतीवर दिसले असते तर बोंडगांवच्या माणसानें स्वतःच पोत्याचा माग काढला असता.

माग काढण्याची वाट तर आतां आणखी अरुंद झाली आहे. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या ४४ व्या कलमानें माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत बदल केला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अंमलांत आला. आतां अर्जांत कोणाचें नांव निघालें कीं ती 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणें कचेरीला सोपें झालें आहे. मोठें लोकहित दाखवून झगडावें तेव्हां कोठें मिळेल. कोणाचें नांव कापलें, कोणत्या दुकानांतून कोणाच्या नांवें माल उचलला गेला, हें विचारणाऱ्या गांवकऱ्यासच हा दरवाजा लागेल. परंतु अन्न सुरक्षा कायद्याचें २७ वें कलम अजून जागेवर आहे, आणि तें म्हणतें कीं वांटपाचीं दप्तरें लोकांसाठीं खुलीं राहतील. २९ वें कलम दुकानागणिक दक्षता समिति मागतें. आपल्या गांवच्या समितींत कोण आहे हें किती वाचक सांगूं शकतील?

कोणी म्हणेल, हे लोक यंत्राचे वैरी आहेत. तसें मुळींच नाहीं. लोणार, सिंदखेडराजाकडचा मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातो, वीटभट्टीवर जातो; तेथें आपल्याच कार्डावर त्याला धान्य मिळूं शकतें तें ह्या यंत्रामुळें. पूर्वी तो सहा महिने गांवांत नसला कीं त्याचें धान्य कोणाच्या घरीं जाई हें साऱ्यांस माहीत आहे. जुन्या वहींत मेलेलीं माणसें धान्य नेत असत. यंत्रानें त्यांतलें पुष्कळ बंद पाडलें. म्हणूनच आम्ही यंत्र फोडा असें म्हणत नाहीं.

यंत्र मागें हटूं शकतें हेंहि आपण पाहिलें आहे. २०२० च्या डिसेंबरांत केंद्रानें विजेच्या ग्राहकांच्या हक्कांचे नियम केले. नांव हक्कांचें, आणि आंत लिहिलें कीं नवी जोडणी स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरावरच मिळेल. महाराष्ट्रांत कंत्राटें दिलीं गेलीं. पण शहरांतून ओरड झाली, मोर्चे निघाले, आणि २०२४ च्या जूनमध्यें, लोकसभेचे निकाल ताजे असतांना, राज्य सरकारनें जाहीर केलें कीं सामान्य ग्राहकांना हे मीटर लावणार नाहीं. पुढें तसलेंच मीटर निराळें नांव घेऊन आणि बिल मागाहून घेण्याच्या अटीवर घरोघर येऊं लागलें ही गोष्ट वेगळी; तरी प्रीपेडची सक्ति तेवढी गळाली. बंगल्यावाल्याच्या मीटरावर जेवढी ओरड झाली त्याच्या दहावा हिस्सा तरी कंट्रोलच्या यंत्रावर झाली आहे काय?

आंगठा आणि कायदा यांचें नातें नवें नाहीं. १८७५ सालीं पुण्या-नगराकडच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. ज्या कागदावर काय लिहिलें आहे हें ठाऊक नाहीं, त्यावर आंगठे आणि नांगराच्या निशाण्या करून लोक नागवले गेले होते. तेव्हां १८७९ च्या कायद्यानें चार जिल्ह्यांपुरतें असें ठरविलें कीं शेतकऱ्याचा कर्जाचा कागद गांव-रजिस्ट्रारापुढें झाला नाहीं तर तो ग्राह्य धरूं नये. परक्या सरकारालाहि तेव्हां कळलें कीं नुसता आंगठा घेऊन भागत नाहीं, आंगठा देणाराच्या बाजूला कोणी तरी उभा पाहिजे. वऱ्हाडाला तो कायदा लागू नव्हता. आज वऱ्हाडांतील प्रत्येक खेड्यांत आंगठा घेतला जातो आणि बाजूला कोणी उभा नाहीं.

आमची मागणी एकच आणि अगदीं लहान आहे. धान्य दिलें कीं यंत्र पावती देतें. धान्य नाकारलें तरी त्यानें पावती द्यावी. त्यावर कार्डाचा क्रमांक, दिवस, वेळ, आणि नाकारण्याचें कारण मराठींत छापलेलें असावें: ठसा जुळला नाहीं, सर्व्हर बंद, केवायसी नाहीं, जें असेल तें. यासाठीं नवा कायदा नको, नवें यंत्र नको. कागदाची तीच गुंडाळी, तोच छाप, फक्त वरून एक हुकूम हवा. ही पावती हातांत असली तर दुकानदारास वही उघडण्याचा आधार मिळतो आणि त्याची तूट तूट रहात नाहीं. आणि वही उघडलीच नाहीं, तर अन्न सुरक्षा कायद्याचें ८ वें कलम आहे: ठरलेलें धान्य मिळालें नाहीं तर सरकारनें त्याबद्दल भत्ता द्यावा. १५ व्या कलमाखालीं जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, आणि त्यानें सांगितलेली दाद जो कामगार विनाकारण देत नाहीं त्यास ३३ व्या कलमानें पांच हजारांपर्यंत दंड आहे. हीं सारीं कलमें आज दांत नसलेलीं आहेत, कारण नाकारल्याचा पुरावाच कोणाजवळ नाहीं.

हुकूम येईपर्यंत वाट पहात बसण्याचें कारण नाहीं. आंगठा उठला नाहीं तर तेथेंच पाटीवर वा कोऱ्या कागदावर तारीख, वेळ आणि कार्डाचा क्रमांक लिहावा, रांगेंतल्या दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि तो कागद तहसीलाच्या पुरवठा शाखेंत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. लिहितां येत नसेल त्यानें शाळेंत जाणाऱ्या पोरास बरोबर न्यावें. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या दिवशीं ग्रामसभा भरते. तेथें नाकारल्याच्या पावतीचा ठराव मांडून मंजूर करावा, इतिवृत्तांत तो उतरला कीं नाहीं हें सही करण्यापूर्वी वाचून पहावें, आणि त्याची एक नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे व एक आमच्याकडे धाडावी. ज्या गांवांचे ठराव येतील त्यांचीं नांवें आम्ही पुढील अंकांतून क्रमानें छापूं.